पाण्याने की पाण्याचे? : ‘जलापघटन’ या शब्दाविषयी

रसायनशास्त्रातील ‘हायड्रॉलिसिस’ या संज्ञेसाठी सध्याच्या मराठी लेखनात निदान तीन प्रतिशब्द वावरताना दिसतात. मराठी विश्वकोशाने ‘जलीय विच्छेदन’ असा शब्द योजला. अलीकडच्या लेखनात ‘जलापघटन’ किंवा दोन पदे सुटी लिहून ‘जल अपघटन’ ही रूपे आढळू लागली आहेत. ज्यांना या दोहोंपैकी एकही वेळेवर आठवत नाही, ते ‘पाण्याशी होणारी अभिक्रिया’ एवढे लिहून मोकळे होतात. हे तिन्ही शब्द एकाच क्रियेची नावे आहेत, असे समजून वाचक पुढे जातो. आमच्या मते ते तसे नाहीत. शब्द कोणता घ्यावा हा प्रश्न येथे केवळ अभिरुचीचा नाही. चुकीचा शब्द घेतल्यास क्रियाच चुकीची समजते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून विज्ञान वाचणाऱ्याला याची झळ अधिक बसते, कारण शब्द उलगडून सांगणारे शिक्षक, शिकवणी, मार्गदर्शिका यांपैकी काहीच त्याच्या हाताशी नसते. त्याच्यापुढे फक्त शब्द असतो.

आधी क्रिया पाहू. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. हायड्रॉलिसिसमध्ये हा रेणू स्वतःच दुभंगतो. हायड्रोजनचा एक अणू एकीकडे जातो आणि ऑक्सिजन व उरलेला हायड्रोजन यांची जोडी दुसरीकडे जाते. त्याच वेळी समोरच्या पदार्थाच्या रेणूतील एखादा बंध तुटतो आणि तुटलेल्या दोन टोकांना पाण्याचे हे दोन भाग जाऊन मिळतात. येथे पाणी केवळ द्रावक म्हणून बाजूला उभे नसते. तोडणारे तेच, तुटणारे तेच आणि अखेरीस दोन्ही तुकड्यांत वाटले जाणारेही तेच.

याचे सर्वांत सोपे उदाहरण मराठी स्वयंपाकघरात रोज घडते. साखरेचा पाक करताना तो पुढे दाणेदार होऊन आळू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. लिंबातील आम्लाच्या साहाय्याने आणि उष्णतेने पाकातल्या काही साखरेचे रेणू पाण्याशी अभिक्रिया करून दुभंगतात व त्यांचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. या दोन शर्करा मिसळल्या की उरलेल्या साखरेला स्फटिक बांधणे अवघड जाते आणि पाक मऊ राहतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ही क्रिया पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तिचे नाव मात्र त्यांना कोणी सांगितलेले नाही.

या उदाहरणातले वजन मात्र लक्षपूर्वक पाहावे, कारण आमच्या सर्व म्हणण्याचा पाया त्या वजनात आहे. ३४२ ग्रॅम साखर अशा रीतीने पूर्णपणे दुभंगली, तर १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज हाती येते. एकूण ३६० ग्रॅम. वाढलेले १८ ग्रॅम कोठून आले? ते पाण्याचे आहेत. पदार्थ तुटला, तरी तुकड्यांचे वजन मूळ पदार्थाहून जास्त भरले.

आता तीच साखर कोरडी घ्या आणि तापवत राहा. ती वितळते, तपकिरी होते, फेसाळते आणि शेवटी काळा कोळसा मागे राहतो. पाण्याची वाफ निघून जाते. ही उष्णतेने घडून आलेली अपघटनाची क्रिया होय. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत ‘अपघटन अभिक्रिया’ याचा अर्थ निश्चित केलेला आहे: जिच्यात अभिकारक एकच असतो आणि त्यापासून दोन किंवा अधिक उत्पादिते मिळतात, ती अपघटन अभिक्रिया. साखरेचा कोळसा होणे या व्याख्येत बरोबर बसते. पाकात लिंबू पिळल्यावर घडणारी क्रिया मात्र बसत नाही, कारण तेथे अभिकारक दोन आहेत, साखर आणि पाणी. एका क्रियेत साखरेतून पाणी बाहेर पडते, दुसरीत पाणी साखरेत शिरते. दोन क्रिया एकमेकींच्या जवळजवळ उलट आणि दोघींच्या नावात ‘अपघटन’! दहावीच्या मुलाने व्याख्या पाठ केली असेल, तर त्याने ‘जलापघटन’ या शब्दावरून काय समजावे? व्याख्या नीट लक्षात ठेवणारा मुलगाच येथे अधिक फसतो, ही यातली गंमत आहे.

एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. खरी अडचण समासात आहे.

‘जलापघटन’ हा तत्पुरुष समास. त्याचा विग्रह कसा करावा? ‘जलाने केलेले अपघटन’ असा तृतीयेने करावा, की ‘जलाचे अपघटन’ असा षष्ठीने? पहिला विग्रह केला, तर हायड्रॉलिसिस हा अर्थ कसाबसा निघतो. दुसरा केला, तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंत होणारे पृथक्करण हा अर्थ निघतो, आणि तीही एक खरीखुरी, पाठ्यपुस्तकात शिकवली जाणारी क्रिया आहे. पाण्यात थोडे आम्ल घालून विजेचा प्रवाह सोडला, की एका अग्राशी हायड्रोजन व दुसऱ्याशी ऑक्सिजन जमतो; हायड्रोजनचे आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट भरते. त्याला पाठ्यपुस्तक ‘पाण्याचे विद्युत अपघटन’ म्हणते. म्हणजे एकाच प्रकरणात ‘विद्युत अपघटन’ तृतीयेने सोडवायचे, विजेने केलेले अपघटन. पण त्याच्या आधीचे ‘पाण्याचे’ हे षष्ठीचे. मग पुढे कोठेतरी ‘जल अपघटन’ असा शब्द भेटला, की वाचकाने ‘विद्युत’च्या जागी ‘जल’ आले असे मानावे की ‘पाण्याचे’च्या जागी आले असे मानावे? मराठी कानाला दुसरेच जवळचे वाटते. ‘जलप्रदूषण’ म्हणजे पाण्याचे प्रदूषण, ‘जलशुद्धीकरण’ म्हणजे पाण्याचे शुद्धीकरण, ‘जलसंधारण’, ‘जलवाटप’, ‘जलसाठा’ हे सगळे षष्ठीचेच. ‘जल’ पुढे आणि क्रियावाचक नाम मागे असले, की ते पाण्यावर झालेले काहीतरी असणार, अशी सवय आपल्या भाषेला लागलेली आहे. त्या सवयीच्या विरुद्ध शब्द घडवायचा असेल, तर घडवणाऱ्याने विभक्ती दिसेल अशी काही खूण ठेवायला हवी होती.

यावर कोणी म्हणेल, मूळ ग्रीक घटकांतही तीच संदिग्धता आहे. खरे आहे. ‘हायड्रो’ म्हणजे पाणी आणि ‘लिसिस’ म्हणजे सोडवणे, सैल करणे. कोणी कोणाला सोडवायचे हे त्या शब्दातही सांगितलेले नाही. (जाता जाता सांगावेसे वाटते, की पाण्याचा हा ग्रीक शब्द आणि आपले ‘उदक’ एकाच मूळ कुळातले आहेत.) परंतु इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलाला तो शब्द अपारदर्शक असतो. तो त्याकडे नाव म्हणून पाहतो, फोड करीत बसत नाही. म्हणून फसतही नाही. आपण मराठीत संस्कृत घटकांपासून संज्ञा घडवतो ती नेमकी यासाठी, की वाचणाऱ्याला शब्दातूनच अर्थ दिसावा. पारदर्शक शब्दाचा हा गुण आहे आणि हाच त्याचा धोकाही आहे: त्यातून काही ना काही दिसतेच, आणि जे दिसते ते बरोबर असण्याची जबाबदारी शब्द घडवणाऱ्यावर येते. मायकेल फॅरडे याने १८३४ साली विद्युत रसायनशास्त्राची नवी परिभाषा मांडली, तेव्हा त्यातील काही शब्दांसाठी केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाचा सल्ला घेतला होता. प्रयोगशाळेतला मोठा माणूस शब्दासाठी भाषेच्या जाणकाराकडे गेला, यात त्याला कमीपणा वाटला नाही. आमच्याकडे संज्ञा ठरवताना शास्त्रज्ञ आणि भाषाविद एका टेबलाभोवती बसतात खरे. पण तेथून बाहेर पडलेला शब्द शेजारच्या शब्दांशी कसा वागेल, हे पाहण्याइतका वेळ त्यांना मिळतो असे दिसत नाही.

‘अपघटन’ हा शब्द आपल्याकडे एकटा आलेला नाही. १९६१ साली केंद्र सरकारने वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन केला आणि हिंदीसाठी प्रचंड प्रमाणावर संज्ञा सिद्ध केल्या. हिंदीत हायड्रॉलिसिसला ‘जल-अपघटन’ म्हणतात. इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतील मुले शाळेत हाच शब्द शिकतात आणि त्यांच्यापुरते ते स्वाभाविक आहे. हिंदीविषयी आमची तक्रार नाही. संस्कृतच्या दृष्टीने पाहिले तर ‘अपघटन’ निर्दोषही ठरेल, कारण ‘घटन’ म्हणजे जुळवणे आणि ‘अप’ म्हणजे दूर. जुळलेले दूर करणे. परंतु मराठीत ‘अप’ हा उपसर्ग ऐकताच अपघात, अपमान, अपयश, अपव्यय, अपमृत्यू यांची रांग उभी राहते. ‘घटना’ म्हटले की आपल्याला जुळवणी आठवत नाही, घडलेली गोष्ट आठवते किंवा राज्यघटना आठवते. तेव्हा ‘अपघटन’ हे मराठीच्या कानाला काहीतरी वाईट घडल्यासारखे लागते. परभाषेतून शब्द घेण्यास आमची ना नाही. तो आपल्या घरात आल्यावर कोणाच्या शेजारी बसणार आहे, एवढे मात्र पाहावे.

शेजारच्या भाषांनी काय केले, हे पाहणे आम्हा सीमेवरच्यांना तर अटळच आहे, कारण ते शब्द आमच्या दाराशी असतात. गुजरातीत ‘जळविभाजन’ म्हणतात आणि वीज वापरून होणाऱ्या क्रियेला ‘विद्युतविभाजन’. वडोदऱ्यातील मराठी विद्यार्थी हे शब्द सहज घेतो. पण मराठीत ‘विभाजन’ म्हणताच पेशीविभाजन किंवा जिल्ह्याचे विभाजन डोळ्यांपुढे येते, आणि ‘जलविभाजन’ तर दोन राज्यांतील पाणीतंट्याचा निवाडा वाटेल! बेळगाव आणि बिदरकडील मुलांच्या कानांवर कन्नडातील ‘विद्युद्विभजने’ पडते. तेथेही कल्पना विभागणीचीच. तेलुगूत ‘जलविश्लेषण’ आहे. हैदराबादच्या मराठी वाचकाने तो शब्द जसाच्या तसा मराठीत आणला, तर मोठा घोटाळा होईल, कारण मराठीत विश्लेषण म्हणजे छाननी, चिकित्सा. ‘जलविश्लेषण’ म्हणजे विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणे. बंगालीने ‘आर्द्रविश्लेषण’ असा वेगळा मार्ग काढला आणि ‘जल’ टाळला, हे आम्हाला चतुरपणाचे वाटते. ‘आर्द्र’ हे विशेषण असल्यामुळे पाण्याचे विश्लेषण असा गैरसमज तेथे होऊ शकत नाही.

हैदराबादचा विषय निघाला म्हणून उर्दूचाही उल्लेख केला पाहिजे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि विज्ञानाच्या ग्रंथांसाठी तेथे भाषांतराचे स्वतंत्र खाते होते. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील मराठी मुलांपैकी ज्यांना उच्च शिक्षण लाभले, त्यांतील अनेकांनी ते उर्दूतून घेतले. उर्दूत विद्युत अपघटनाला ‘बर्क़पाशीदगी’ आणि हायड्रॉलिसिसला ‘आबपाशीदगी’ म्हणतात. ‘पाशीदगी’ म्हणजे विखुरणे. शब्द डौलदार आहे. पण त्याच उर्दूत ‘आबपाशी’ म्हणजे शेतीला पाणी देणे, सिंचन! म्हणजे पाण्याला पुढे ठेवून केलेल्या समासाचा हा त्रास एकट्या मराठीचा नाही. फरक एवढाच, की मराठीपाशी त्यावरचा उपाय आधीच तयार होता आणि आपण तो मागे टाकत चाललो आहोत.

तो उपाय म्हणजे ‘जलीय विच्छेदन’. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या कोशातील रसायनशास्त्राच्या नोंदींत हा शब्द येतो, आणि कितीदा तरी त्याच्या जोडीला कंसात साध्या मराठीत त्याचा अर्थही येतो. येथे ‘जल’ नाही, ‘जलीय’ आहे. एका ‘ईय’ प्रत्ययाने समास मोडला आणि विशेषण झाले. ‘जलीय विच्छेदन’ म्हणजे पाण्याच्या संबंधाने, पाण्याच्या योगाने होणारे विच्छेदन. पाण्याचे विच्छेदन असा अर्थ त्यातून सहसा कोणी काढणार नाही, जसा ‘शाब्दिक हल्ला’ म्हणजे शब्दांवरचा हल्ला असा अर्थ कोणी काढत नाही. शिवाय ‘विच्छेदन’ हा शब्द शालेय व्याख्येतील ‘अपघटन’ या प्रकाराहून वेगळा असल्यामुळे ‘अभिकारक एकच’ ही अट त्याला चिकटलेली नाही. साखर आणि पाणी असे दोन अभिकारक तेथे सुखाने राहू शकतात. ज्या विकरांमुळे आपल्या पोटात ही क्रिया घडते, त्यांना ‘जलीय विच्छेदक विकर’ असेही अडखळल्यावाचून म्हणता येते.

‘विच्छेदन’ हा शब्द निष्कलंक आहे असे नाही. सामान्य मराठी वाचकाला तो वर्तमानपत्रातील ‘शवविच्छेदन’ या शब्दामुळे माहीत आहे आणि त्याला सुरीची धार आहे. दुसरे असे, की त्यातही पाणी तुकड्यांना जाऊन मिळते हा अर्धा भाग आलेला नाही. ते १८ ग्रॅम अद्याप शब्दाबाहेरच आहेत. परंतु एका संज्ञेने सगळी क्रिया सांगावी, ही अपेक्षा कोणत्याच भाषेत पुरी होत नाही. संज्ञेने वाट चुकवू नये, इतके पुरे.

काही वाचक विचारतील, ‘हायड्रॉलिसिस’ असेच देवनागरीत का लिहू नये? गोव्यातील मुले माध्यमिक शाळेत विज्ञान इंग्रजीतूनच शिकतात. त्यांना तोच शब्द जवळचा. आमचे त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. ऑक्सिजन, सोडियम, कार्बाइड हे शब्द आपण घेतलेच आहेत आणि ते पचलेही आहेत. पण ती पदार्थांची नावे आहेत. क्रियेचे नाव परके राहिले, की त्या क्रियेविषयी वाक्य रचता येत नाही. ‘हायड्रॉलिसिस होतो’ म्हणावे, ‘होते’ म्हणावे की ‘केला जातो’, येथूनच अडखळणे सुरू होते. लेखात पहिल्यांदा संज्ञा येईल तेथे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवावेत आणि पुढे मराठी शब्द चालवावा, हे आम्हाला व्यवहार्य वाटते.

वाक्याचा विषय निघाला, तर आमच्या मते आपल्या परिभाषेची सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. आपण नामे घडवली, क्रियापदे घडवली नाहीत. मग प्रत्येक वाक्य ‘होते’ आणि ‘केले जाते’ यांवर रखडते. साखर पाण्यात विरघळते, हे आपण एका क्रियापदात सांगतो. मोरचूद तापवल्यावर त्यातील स्फटिकजल निघून जाऊन ते पांढरे पडते आणि पुन्हा पाण्याचे थेंब टाकले की निळे होते. हे मोरचुदाने पाणी धरले असे म्हणून सांगता येते. मग रेणू पाण्याने दुभंगतो, याला एक क्रियापद का नसावे? आम्हाला ‘उकलणे’ हे क्रियापद येथे चपखल वाटते. गाठ उकलते आणि आपण गाठ उकलतो. ते अकर्मकही आहे, सकर्मकही. ग्रीक ‘लिसिस’चा मूळ अर्थही सोडवणूकच, ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची चर्चा करताना कथानकातील गाठ सुटण्याला हाच शब्द वापरला होता, आणि आपले नाट्यसमीक्षकही तेथे ‘उकल’च म्हणतात. ‘लिंबाच्या रसाने पाकातील काही साखर पाण्याशी उकलते’ हे वाक्य समजण्यासाठी कोणाला कोश उघडावा लागणार नाही. संज्ञा ‘जलीय विच्छेदन’ राहू द्यावी. समजावून सांगताना क्रियापद ‘पाण्याने उकलणे’ वापरावे.

आणि ‘पाण्याशी अभिक्रिया’ एवढ्यावर का भागत नाही, तेही सांगितले पाहिजे. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला की तो पृष्ठभागावर सैरावैरा पळतो, हायड्रोजन वायू सुटतो, क्वचित पेटतोही. ही पाण्याशी अभिक्रिया आहे, पण येथे एखाद्या संयुगाची उकल नाही. मोरचुदाने पाणी धरणे हीही पाण्याशी झालेली क्रिया आहे, पण तेथे पाण्याचा रेणू अखंड राहतो. तिला ‘सजलीकरण’ किंवा ‘जलयोजन’ म्हणतात. गवंडी कळीचा चुना विरवतो, तेव्हा काय होते? बाजार विरलेल्या चुन्याला ‘हायड्रेटेड लाइम’, म्हणजे पाणी धरलेला चुना, म्हणतो. प्रत्यक्षात तेथे पाण्याचा रेणू अखंड राहतच नाही. शास्त्राच्या बाजारातही नावांची सरमिसळ असते, याचा हा पुरावा. मराठी गवंड्याचा ‘विरणे’ हा शब्द यापेक्षा प्रामाणिक आहे. तो जे दिसते तेवढेच सांगतो. उलट तुरटी पाण्यात फिरवल्यावर गढूळ पाणी निवळते, ते मात्र खरोखर जलीय विच्छेदनामुळे. तुरटीतील ॲल्युमिनियमची पाण्याशी अभिक्रिया होऊन जेलीसारखा साका तयार होतो आणि तो मातीच्या कणांना गुंडाळून तळाला नेतो. म्हणूनच तुरटीचे पाणी आम्लधर्मी असते. आपण जेवलेल्या भाकरीतील पिष्ट तोंडातच लाळेने उकलू लागते. घास बराच वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळे. पूर्वी जत्रेतील दुकानांत जळणारे कार्बाइडचे दिवे थेंब थेंब पाण्यावर चालत, तेही कार्बाइड पाण्याने उकलून ॲसिटिलीन वायू निघाल्यामुळेच. पाक, तुरटी, भाकरी आणि जत्रेतला दिवा एका नावाखाली येतात, हे कळण्यातच त्या संज्ञेचे सार्थक आहे. ‘पाण्याशी अभिक्रिया’ म्हटल्यावर त्यात सोडियमही येतो, मोरचूदही येते आणि नाव निरुपयोगी होते.

हा सगळा खटाटोप केवळ शाळेतल्या मुलासाठी नाही. चिकोडी, निपाणी, अथणी, हुक्केरी या पट्ट्यात ऊस पिकतो आणि तो पिकवणारे असंख्य शेतकरी मराठी वाचतात. ऊस तोडल्यावर शक्यतो २४ तासांच्या आत गाळावा, असा सल्ला त्यांना दिला जातो. का, हे क्वचितच सांगितले जाते. तोडलेल्या उसातील साखर उसाच्याच विकरांमुळे आणि सूक्ष्मजंतूंमुळे उकलू लागते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात, स्फटिक देणारी साखर घटते आणि उतारा पडतो. गुऱ्हाळावर याचा परिणाम आणखी उघड दिसतो. शिळ्या उसाच्या रसाचा गूळ नीट घट्ट होत नाही, ढेप बसत नाही आणि पावसाळी हवेत त्याला पाणी सुटते. काहिलीतील रस उकळताना आंबटपणामुळे साखर उकलू नये, हे रसात चुन्याची निवळी घालण्याचे एक कारण असते. चुना अधिक झाला तर गूळ काळपट होतो, म्हणून गुळव्याचा हात तेथे मोजून चालतो. आता याच गोष्टी सांगणाऱ्या माहितीपत्रकात ‘शर्करेचे जलापघटन होऊन उताऱ्यात घट येते’ असे वाक्य छापले, तर शेतकरी ते दोनदा वाचेल आणि उसातले पाणी सुकल्यामुळे वजन घटते, असा अर्थ लावील. तो अर्थ त्याच्या अनुभवाशी जुळतोही, कारण तोडलेला ऊस सुकतो हे तो डोळ्यांनी पाहतो. मग तो काय करील? ऊस सुकू नये म्हणून पाचटाखाली झाकून त्यावर पाणी मारील आणि निश्चिंत होईल. पाणी मारल्याने सुकणे कमी होते, हे खरे. पण आत साखर उकलत राहते ती थांबत नाही. गैरसमज शब्दाचा, नुकसान टनावारी.

सीमेपलीकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत पुस्तके त्या त्या राज्याची चालतात. संदर्भग्रंथ, कोश आणि नियतकालिके मात्र महाराष्ट्रातून येतात. दोहोंत एका क्रियेची दोन नावे असली, की मुलाला ती दोन क्रिया वाटतात. महाराष्ट्राने आपले शब्द ठरवताना हा वाचक डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात कोल्हापुरात बसून मराठीत रसायनशास्त्राचे ग्रंथ लिहिले, तेव्हा परिभाषेचा आयोग नव्हता आणि संचालनालयही नव्हते. आज ही सगळी यंत्रणा आहे, विश्वकोशाने दिलेला शब्दही आहे. पाठ्यपुस्तक, विश्वकोश आणि कृषिखात्याची पत्रके यांनी मिळून एकच रूप स्वीकारावे, ते ‘जलीय विच्छेदन’ असावे आणि ते जेथे पहिल्यांदा येईल तेथे त्याच्यापुढे एवढे एक वाक्य छापावे: पाण्याचा रेणू दुभंगून त्याचे दोन भाग दुसऱ्या पदार्थाच्या तुकड्यांना मिळतात आणि तो पदार्थ उकलतो. ‘जलापघटन’ लिहिणाऱ्यांना तो शब्द ठेवायचाच असेल, तर त्यांनी निदान ‘पाण्याने’ की ‘पाण्याचे’ हे शेजारी लिहावे.